प्लेगच्या साथीतले मिशन: रमाबाई पुणे सोडून केडगावला का गेल्या?

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, पुण्यापासून सुमारे ५५ किलोमीटर अंतरावर केडगाव हे स्टेशन लागते आणि त्याच्या जवळच पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. रमाबाईंचे विधवा आणि मुलींसाठीचे शारदा सदन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी पुण्यात आले. मुलींची शाळा, विधवांचा आश्रय आणि शहरातल्या शिकल्यासवरल्या लोकांचा संपर्क या तिन्ही गोष्टींसाठी पुणे ही सोयीची जागा होती. असे असताना त्यांची सर्वांत मोठी संस्था शहर सोडून उघड्या माळावर का वसली, हा प्रश्न केडगावला जाणाऱ्या कोणालाही पडावा. रमाबाईंना एकांत हवा होता किंवा शहरातल्या विरोधाला त्या कंटाळल्या होत्या असे सांगितले जाते. त्यात थोडे तथ्य असेलही, पण त्या वेळी घडलेले कारण अगदी साधे होते. पुण्यात प्लेग होता, आणि बाहेरगावच्या नव्या मुलींना शहरातल्या संस्थेत ठेवायला अधिकाऱ्यांनी मनाई केली होती.

साथीच्या काळात ख्रिस्ती मिशनचे काम कसे चालते, त्यात काय थांबते, काय उरते आणि त्यातून कोणते अवघड प्रश्न तयार होतात, हे समजून घ्यायचे असेल तर मराठी वाचकाला दूर जायला नको. १८९६ पासून मुंबई-पुण्यात जे घडले त्यात यातले जवळजवळ सगळे सापडते.

आधी ‘मिशन’ म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे हा शब्द ऐकला की धर्मांतर एवढेच डोळ्यांसमोर येते. मिशनऱ्यांच्या रोजच्या कामाचे मात्र तीन भाग असत. पहिला सुवार्तेचा, म्हणजे बाजारात, जत्रेत, चावडीपुढे उभे राहून येशूची गोष्ट सांगण्याचा. दुसरा शाळांचा आणि वसतिगृहांचा. तिसरा दवाखान्यांचा. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत आले आणि पुढे नगर जिल्ह्यात त्यांचे काम रुजले. १८४२ पासून ‘ज्ञानोदय’ हे त्यांचे नियतकालिक निघू लागले. मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांचे रुग्णालय १८९४ मध्ये, म्हणजे प्लेगच्या जेमतेम दोन वर्षे आधी सुरू झाले होते. साथ आली की या तीन भागांपैकी पहिले दोन जवळपास बंद पडतात, कारण बाजार उठतो, जत्रा बंद होते, शाळेची पोरे घरी जातात किंवा गावाबरोबर रानात जातात. जिथे माणसे जमणेच धोक्याचे आहे तिथे प्रवचन कोणापुढे करणार? उरते ते आजाऱ्याच्या उशाशी बसण्याचे आणि निराधाराला जागा देण्याचे काम. म्हणून साथीच्या काळात मिशनचे स्वरूप आपोआप बदलते. बोलणे कमी होते आणि पाणी, अंथरूण, छप्पर, पहारा अशा गोष्टींना महत्त्व येते.

ख्रिस्ती धर्मविचारात यामागे एक जुना प्रश्न आहे. साथ आल्यावर थांबावे की पळावे? तिसऱ्या शतकात रोमन साम्राज्यात मोठी साथ आली, तेव्हा अलेक्झांड्रियाचे बिशप डायोनिसियस यांनी लिहून ठेवले की अनेक ख्रिस्ती माणसांनी आजाऱ्यांची सेवा केली आणि त्यातच ती स्वतःही मेली. पुढे १५२७ मध्ये जर्मनीतल्या विटेनबर्ग शहरात प्लेग आला. तिथले विद्यापीठ दुसऱ्या गावी हलले, पण मार्टिन ल्यूथर तिथेच राहिले, आणि प्राणघातक साथीपासून पळावे का या प्रश्नावर त्यांनी एक सविस्तर पत्र लिहिले. त्यांचे म्हणणे आजही सरळ आणि उपयोगी वाटते. ज्याच्यावर दुसऱ्याची जबाबदारी आहे, मग तो धर्मोपदेशक असो वा अधिकारी, त्याने जागा सोडू नये. ज्याची गरज नाही आणि ज्याच्या मागे आजाऱ्यांची सोय होते आहे, त्याने निघून जाण्यात पाप नाही. राहणाऱ्याने मात्र औषध घ्यावे, घराला धुरी द्यावी आणि कारण नसताना रोग्यांमध्ये मिसळू नये, कारण देवावर भरवसा आहे म्हणून बेफिकीर राहणे हा देवाची परीक्षा पाहण्याचा प्रकार आहे. प्रोटेस्टंट मिशनऱ्यांना ही परंपरा ठाऊक होती. कॅथलिकांकडे प्लेगपासून रक्षण करणारा संत म्हणून संत रॉक आणि संत सेबास्तियन यांची भक्ती शतकानुशतके चालत आली होती.

मुंबईत हा रोग ओळखणारी व्यक्ती मिशनरी नव्हती, पण ख्रिस्ती होती. मूळचे गोव्यातल्या हडफडे गावचे डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातल्या रोग्याला पाहून हा गाठीचा प्लेग असल्याचे सांगितले. चीनमधून हाँगकाँगला आणि तिथून जहाजांनी मुंबईला पोचलेली ही जागतिक साथ होती. पुढच्या पंचवीस वर्षांत तिने हिंदुस्थानात सुमारे एक कोटी माणसे नेली. धोबीतलावला मेट्रो सिनेमाजवळ व्हिएगस यांचा पुतळा आहे. तिथून रोज हजारो लोक जातात, पण तो कोणाचा हे ठाऊक असलेले फार थोडे.

हा रोग कसा पसरतो हे त्या वेळी डॉक्टरांनाही कळलेले नव्हते, आणि पुढच्या बऱ्याच दुःखाचे मूळ तिथे आहे. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता. पण तो उंदराच्या अंगावरच्या पिसवांतून माणसाकडे येतो ही गोष्ट पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत १८९८ मध्ये दाखवली, आणि ती सर्वमान्य व्हायला आणखी सात-आठ वर्षे गेली. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या भुकेल्या पिसवा दुसरे रक्त शोधतात आणि घरातल्या माणसाला चावतात. चावल्यानंतर दोन ते सहा दिवसांत ताप भरतो आणि जांघेत, काखेत किंवा मानेला गाठ येते. जिथे हा रोग फुप्फुसात शिरतो तिथे तो माणसाकडून माणसाला होतो, पण आपल्याकडची बहुतेक साथ गाठीचीच होती. म्हणजे धोका माणसात कमी आणि घरात जास्त होता. खेड्यातल्या लोकांनी हे पुस्तक न वाचता ओळखले होते. ‘उंदीर पडला’ असे ऐकले की गावे ओस पडत आणि माणसे माळावर झोपड्या घालून राहत. पिसवा मागे, गावातच राहत असल्यामुळे हा उपाय खरोखर काम करी.

सरकारने नेमके उलटे धरले. माणूसच रोग घेऊन फिरतो असे मानून माणसालाच पकडायचे ठरले. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला. त्याने अधिकाऱ्यांना घरात शिरण्याचा, आजाऱ्याला उचलून इस्पितळात नेण्याचा, सोबतच्यांना वेगळ्या छावणीत ठेवण्याचा आणि प्रवाशांना अडवण्याचा अधिकार दिला. पुण्यात मार्चपासून वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या समितीने गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या घराघरांत पाठवल्या. दोन महिन्यांत दोन लाखांहून अधिक वेळा घरांच्या झडत्या झाल्या आणि त्यातून रोगी सापडले जेमतेम काही शे. एखाद्या घरात रोगी निघाला की काय होई ते डोळ्यांपुढे आणून पाहावे. कौले काढून छपराला भोक पाडले जाई म्हणजे ऊन आत यावे, जमीन खणली जाई, भिंतींना चुना फासला जाई आणि अंथरूण-पांघरूण अंगणात जाळले जाई. नवरा इस्पितळात, बायको-मुले छावणीतल्या चटईच्या झोपडीत, आणि देवघरातल्या मूर्ती कोणाच्या तरी बुटाखाली. रँड यांच्यावर २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या, हे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. मुंबईत तर त्याआधीच, ऑक्टोबर १८९६ मध्ये, संतापलेल्या गिरणी कामगारांनी ऑर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला होता. इस्पितळात नेतात ते मारायला, अशी लोकांची खात्रीच झाली होती.

अशा वेळी मिशनरी कुठे उभा होता? त्याची अडचण समजून घ्यायला हवी. झडतीला येणारा सोजीर गोरा, हुकूम काढणारा साहेब गोरा, आणि औषधाची बाटली घेऊन येणारी मडमही गोरीच. लोकांना यांतला फरक का दिसावा? मिशनऱ्यांपैकी पुष्कळांनाही तो दिसत नव्हता. इंग्रजी राज्य म्हणजे सुधारणा आणि स्वच्छता, लोकांचा विरोध म्हणजे अडाणीपणा, अशी सोपी समजूत अनेकांची होती. तरीही याच लोकांतून इस्पितळांना परिचारिका मिळाल्या. त्या काळी परक्या जातीच्या, परक्या घरच्या रोग्याचे मलमूत्र काढणे, त्याची फुटलेली गाठ धुणे हे काम करायला पगार देऊनही माणूस मिळत नसे. मुंबईच्या प्लेग इस्पितळांत कॅथलिक जोगिणींनी (नन्सनी) हे काम केले. त्यांनी काय प्रवचन केले याची नोंद शोधण्यापेक्षा त्या रोज सकाळी त्या वॉर्डात परत जात होत्या एवढे लक्षात घेणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

मिशनची गोष्ट परदेशी माणसांपाशी संपत नाही हेही विसरू नये. मुंबई, साष्टी आणि वसईच्या पट्ट्यात मराठी बोली बोलणारा ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाज शेकडो वर्षांपासून होता, आणि साथ त्याच्याही गावठाणांत शिरली. वांद्र्याच्या गल्ल्यांतून फिरताना वळणावळणावर दगडी क्रूस दिसतात. त्यांतले बरेचसे या प्लेगच्या वर्षांत उभारलेले आहेत आणि काहींवर त्या सालांचे आकडे अजून वाचता येतात. चौथऱ्यावर मेणाची पुटे चढलेली असतात, क्रुसाला झेंडूची माळ असते आणि ठरलेल्या दिवशी शेजारीपाजारी जमून तिथे जपमाळ म्हणतात. चर्चमध्ये गर्दी करायची नाही, पण गल्लीच्या तोंडाशी उघड्यावर प्रार्थना करता येते, अशी ही सोय होती. गावोगावी मरीआईपुढे नैवेद्य ठेवणारी माणसे आणि क्रुसापुढे मेणबत्ती लावणारी माणसे एकाच भीतीने घराबाहेर आली होती.

आता रमाबाईंकडे वळू. त्या साथीला पुस्तकातून ओळखत नव्हत्या. त्यांचे आई-वडील दुष्काळात उपासमारीने गेले होते, तीर्थयात्रेच्या वाटेवर, आणि तरुण वयात त्यांनी ते मरण जवळून पाहिले होते. त्यांचे पती बिपिनबिहारी १८८२ मध्ये कॉलऱ्याने गेले, तेव्हा मुलगी मनोरमा तान्ही होती. पुढच्या वर्षी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. परत आल्यावर त्यांनी काढलेले शारदा सदन मात्र धर्मशिक्षणापासून अलिप्त राहील असे ठरले होते. बोस्टनमध्ये त्यांच्या मदतीसाठी स्थापन झालेल्या मंडळाने दहा वर्षे पैसा देण्याचे कबूल केले होते आणि इथल्या सल्लागार मंडळात न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर होते. मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो आहे असे दिसल्यावर १८९३ मध्ये मोठा गहजब झाला. रानडे, भांडारकर बाजूला झाले आणि कित्येक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. ही गोष्ट इथे मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढच्या धर्मांतराच्या प्रश्नाची किल्ली तिच्यात आहे. १८९३ मध्ये मुलींना काढून नेणारे कोणीतरी होते.

१८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. रमाबाईंनी तिथे जाऊन जे पाहिले त्याने त्यांना आपले लहानपण आठवले. अन्नछत्रांच्या आणि दुष्काळी कामांच्या आसपास तरुण विधवा आणि अनाथ मुली भटकत होत्या आणि त्यांना ‘कामाला लावतो’ म्हणून नेणारे दलालही तिथेच फिरत होते. रमाबाई त्या मुलींना गटागटाने आणू लागल्या आणि पाहता पाहता संख्या तीनशेच्या घरात गेली. काहींच्या अंगावर धड कपडा नव्हता, केसांच्या जटा झालेल्या, अंगावर फोड, आणि कित्येक दिवस अन्न न मिळाल्यामुळे पोटभर जेवण एकदम द्यायचीही सोय नाही, थोडे थोडे द्यावे लागे. या मुली पुण्यात आणायच्या आणि शहरात तर प्लेग. अधिकाऱ्यांनी शारदा सदनात नवी भरती करायला मनाई केली, आणि साथ ऐन भरात असताना भुकेने खंगलेल्या तीनशे जणी दाटीच्या शहरात आणणे कोणत्याही हिशेबाने धोक्याचेच होते.

रमाबाईंकडे एकच पर्याय होता. सदनाला काही उत्पन्न व्हावे म्हणून त्यांनी केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेऊन फळबाग लावायला सुरुवात केली होती. तिथे इमारत नव्हती. तंबू ठोकले, गवताच्या झोपड्या घातल्या आणि मुली तिथे उतरवल्या. विहिरीचे पाणी, चुलीचे सरपण, शिजवायला माणसे, आजाऱ्यांना वेगळी झोपडी आणि रात्री पहारा या पाच-सहा गोष्टींची जमवाजमव म्हणजेच मुक्ती सदनाचा, म्हणजे आजच्या मुक्ती मिशनचा, पहिला दिवस. शहरातल्या मुलींनी, ज्या स्वतः काल-परवा आश्रित होत्या, इथे शिक्षिकेचे आणि परिचारिकेचे काम हाती घेतले. पिसवांचे शास्त्र तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते, तरी धान्याची कोठारे आणि उंदरांनी भरलेल्या जुन्या वाड्यांपासून दूर, माळावरच्या उघड्या हवेत राहणे हे त्या रोगापासून वाचण्याचे उत्तम साधन होते. गावकरी उंदीर पडल्यावर जे करत तेच रमाबाईंनी एका सरकारी मनाईमुळे आणि हाताशी असलेल्या जमिनीमुळे केले. पुढे शारदा सदनही केडगावलाच आले.

याच काळात त्यांनी आणखी एक काम केले, ज्याची आठवण फार कमी काढली जाते. त्यांच्या देखरेखीखालच्या मुलींना प्लेगच्या नियमांनुसार पुण्याच्या सरकारी इस्पितळात न्यावे लागले होते. मे १८९७ मध्ये त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती साप्ताहिकात पत्र लिहून तिथली हलाखी जगापुढे मांडली. तरुण स्त्रिया तिथे सुरक्षित नाहीत, त्यांच्यावर देखरेख ठेवायला कोणी विश्वासू बाई नाही, आणि आपली एक मुलगी तिथून परत आलीच नाही, तिथल्या पहारेकऱ्याने तिला ठेवून घेतले, असा त्यांचा आरोप होता. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी तो फेटाळून लावला. त्या वर्षी इंग्लंडला गेलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी पुण्यातल्या सोजिरांच्या अत्याचारांबद्दल तिथल्या वृत्तपत्रात जाहीर विधान केले, त्या वादातही रमाबाईंच्या पत्राचा उल्लेख झाला. गोखल्यांना परत आल्यावर पुरावा देता आला नाही म्हणून माफी मागावी लागली. रमाबाईंनी आपले शब्द मागे घेतले नाहीत.

या पत्राचे वजन नीट समजून घ्यावे. लिहिणारी बाई ख्रिस्ती होती, तिला पैसा पाठवणारे ख्रिस्ती होते, राज्य करणारे सरकार स्वतःला ख्रिस्ती म्हणवत होते आणि पत्र ज्या साप्ताहिकात आले तेही ख्रिस्तीच होते. पुण्याच्या सनातन्यांनी तिला केव्हाच परकी ठरवले होते. गप्प बसण्यात तिचा सगळ्या बाजूंनी फायदा होता. साथीच्या काळात सेवाभावी संस्थेची खरी कसोटी इथे लागते असे मला वाटते. रोग्याची सेवा करताना आपण कोणाच्या बाजूने उभे आहोत, रोग्याच्या की रोग्याला उचलून नेणाऱ्याच्या? रमाबाईंनी इस्पितळ नको असे म्हटले नव्हते. इस्पितळात स्त्रियांसाठी स्त्रिया हव्यात, हिशेब हवा, आणि नेलेले माणूस परत मिळायला हवे, एवढेच त्या मागत होत्या.

सेवा फक्त ख्रिस्ती लोकांनीच केली असे मात्र कोणी समजू नये. सावित्रीबाई फुले यांनी मुलगा डॉ. यशवंत यांच्याकडून हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना सुरू करवून घेतला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला त्यांनी पाठीवर टाकून तिथे आणले, त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. लोकमान्य टिळकांनी पुण्यात हिंदूंसाठी वेगळे प्लेग इस्पितळ काढण्यात पुढाकार घेतला. लोक सरकारी इस्पितळाला भीत असले तरी आपल्या माणसांनी चालवलेल्या इस्पितळात येत, हे त्यातून दिसले. प्लेगच्या लशीचे प्रणेते वाल्डेमार हाफकिन हे ज्यू होते. त्यांनी १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत आधी स्वतःला टोचून घेतले आणि मगच दुसऱ्यांना टोचले. रोग्यापाशी थांबण्याचे धैर्य कोणा एका धर्माच्या मालकीचे नव्हते. मिशनचे वेगळेपण होते ते त्याच्या मागे उभ्या असलेल्या व्यवस्थेत. परदेशातून नियमित येणारा पैसा, प्रशिक्षित माणसे, वर्षानुवर्षे चालणारी वसतिगृहे आणि साथ ओसरल्यावरही टिकणारी बांधणी या गोष्टी एकट्या-दुकट्या सेवकापाशी नसतात.

आणि याच व्यवस्थेतून सर्वांत अवघड प्रश्न तयार होतो. साथीत मिशनरी धर्मांतर करतात का? या प्रश्नाला दोन शब्द चिकटलेले आहेत. आतले लोक म्हणतात ‘बाप्तिस्मा घेतला’, बाहेरचे म्हणतात ‘बाटवले’. कोणता शब्द वापरायचा हे ठरवतानाच निम्मे उत्तर ठरून जाते, म्हणून दोन्ही बाजूला ठेवून घटनाक्रम पाहिलेला बरा. प्लेगच्या रोग्याला उशाशी बसून धर्मांतरित करणे ही कल्पना वस्तुस्थितीला धरून नाही. तापाने बरळणारा माणूस दोन-चार दिवसांत एक तर दगावतो किंवा वाचतो, आणि वाचला तर तो आपल्या घरी, आपल्या जातीत परत जातो. प्रश्न येतो तो साथ आणि दुष्काळ ओसरल्यावर मागे उरलेल्या, मागे कोणी नसलेल्या मुलांचा. १८९३ मध्ये शारदा सदनातल्या मुलीचा बाप बैलगाडी जोडून आला आणि मुलीला घेऊन गेला. १८९७ मध्ये केडगावच्या तंबूत झोपलेल्या मुलीसाठी येणारे कोणी जिवंतच नव्हते. तिला वाढवले ते मुक्तीने, वाचायला शिकवले ते मुक्तीने, आणि तिने ऐकलेली प्रार्थनाही मुक्तीचीच. ती मोठी होऊन ख्रिस्ती झाली तर तिच्यावर सक्ती झाली असे म्हणता येत नाही, आणि तिच्यापुढे दुसरा रस्ता होता असेही म्हणता येत नाही. रमाबाईंनी केडगावला आपले काम ख्रिस्ती आहे हे लपवले नाही. शारदा सदनाच्या वेळचा अलिप्तपणाचा करार तिथे नव्हता. प्लेगने त्यांच्या कामाची जागा बदलली तसे त्याचे स्वरूपही बदलले, असे मला वाटते.

या मुद्द्यावर त्या काळातच जी प्रतिक्रिया उमटली ती मला महत्त्वाची वाटते. लाला लजपतराय यांनी १८९७ पासून आर्य समाजाच्या वतीने दुष्काळातल्या अनाथ हिंदू मुलांना आणून सांभाळण्याची चळवळ उभी केली. मुले मिशनऱ्यांकडे जातात याचा राग त्यांना होताच, पण नुसता राग व्यक्त करून ते थांबले नाहीत, त्यांनी स्वतः अनाथालये काढली. १९०१ च्या दुष्काळ आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. एका मुलीला दोन ठिकाणी आसरा मिळू शकतो, अशी स्थिती तयार झाली तरच तिच्या निवडीला काही अर्थ येतो, आणि ती स्थिती मिशनवर टीका केल्याने येत नाही, दुसरे छप्पर उभारल्याने येते. लजपतरायांना हे कळले होते. पुण्या-मुंबईत त्या वेळी मिशनवर लिहिणारे पुष्कळ होते, पण टाकून दिलेल्या बालविधवेला घरात घेणारे फार थोडे होते. धोंडो केशव कर्वे यांचा विधवांसाठीचा आश्रम १८९६ मध्ये निघाला, हा त्यातला ठळक आणि आदरणीय अपवाद.

केडगावला पुढे काय झाले तेही सांगायला हवे. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातून मुलींचे लोंढे आले आणि मुक्तीतली संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. एवढ्या जणींना नुसते पोसणे शक्य नव्हते, म्हणून हातमाग, तेलघाणा, दूधदुभते, शेती, शिवणकाम आणि छापखाना सुरू झाला. अंध मुलींसाठी वेगळा विभाग निघाला आणि मनोरमाबाईंनी त्यांना ब्रेल लिपी शिकवली. लोकांनी टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन झाले. दुष्काळातून आणि साथींतून उरलेल्या बायका इथे एकमेकींच्या शिक्षिका, सुईणी, स्वयंपाकिणी आणि पहारेकरी झाल्या. बाहेरून आलेल्या नोकरांवर ही वस्ती चालली नाही.

रमाबाईंनी शेवटची वर्षे बायबलचे मराठी भाषांतर करण्यात घालवली. खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईलाही ते वाचता यावे म्हणून त्यांनी ते मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या, मनोरमाबाई आदल्याच वर्षी गेल्या होत्या. १९२४ मध्ये ते भाषांतर मुक्तीच्याच छापखान्यात छापून निघाले. त्याचे खिळे जुळवणाऱ्या, कागद लावणाऱ्या आणि पाने शिवणाऱ्या मुक्तीतल्याच स्त्रिया होत्या.